पेटी नागपूरची, पिन डोंबिवलीचा

परवा बचत गटाची बैठक झाली. हप्ते गोळा झाले, सह्या झाल्या, चहा झाला आणि मग निघाला कॉम्प्युटरचा विषय. आमच्यातल्या दोघी आमसुलं आणि आगळ (कोकमाचा रस) करतात, एकीचा काजू फोडायचा छोटा उद्योग आहे, एक कुळथाचं पीठ आणि मालवणी मसाला विकते. मसालेवालीनेच विचारलं, "वहिनी, तुमी खंयचो क्लास लावलेलो? माका पण लावचो हा."

मी क्लासचं नाव सांगितलं, फी सांगितली, एसटीची वेळसुद्धा सांगितली. घरी परतताना आमच्या गडग्यापाशी पोचेपर्यंत मात्र वाटायला लागलं, की आपण तिला भलतंच उत्तर देऊन आलो. क्लासात मी शिकले ते एक, आणि आंब्याच्या धंद्यात रोज वापरते ते दुसरंच. मधलं अंतर कसं कापलं, ते बैठकीत पाच मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे लिहिते.

२०१९च्या पावसाळ्यात मी क्लास लावला. आमच्या देवगडकडे आंबा बागायतदाराच्या घरात पावसाळा हाच काय तो मोकळा हंगाम. आंबा संपलेला, कलमांना खत घालून झालेलं, मोहराची वाट बघायला अजून दिवाळी उलटायची असते. माझं वय तेव्हा त्रेचाळीस. वर्गात बाकी सगळी बारावीची आणि कॉलेजची पोरं. त्यांना सरकारी नोकरीच्या अर्जासाठी एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट हवं होतं. मला काय हवं होतं ते धड सांगता येईना. "आंब्याचा हिशोब करायचाय," एवढंच मी सरांना म्हणाले. ते "होईल, होईल" म्हणाले.

पहिल्या आठवड्यात माऊस टेबलाच्या कडेपर्यंत जायचा आणि पडद्यावरचा बाण मात्र मध्येच अडकलेला. शेवटी शेजारचा मुलगा हळूच म्हणाला, "काकी, उचला आणि परत मागे ठेवा." माऊस उचलायचा असतो हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. सगळ्यांना ते जन्मतःच येत असावं. पुढे वर्डमध्ये रजेचा अर्ज लिहिला (कुणाकडे रजा मागणार, घरच्या गायीकडे?), 'पर्यावरण' या विषयावर बारा स्लाइड केल्या, त्यात अक्षरं उडत उडत येत होती. आजवर एकाही गिऱ्हाइकाला स्लाइड दाखवायची वेळ आलेली नाही. पण क्लासला नावं ठेवणार नाही. फाइल कुठे ठेवली ते शोधता यायला लागलं, कंट्रोल-झेड दाबलं की चूक मागे घेता येते हे कळलं, आणि बटण दाबलं तर काहीतरी बिघडेल ही धास्ती गेली. पुढे बिघडलंच, ते येईलच ओघात.

आता तात्यांची वही. तात्या म्हणजे माझे सासरे. लाल कापडी बांधणीची लांबट वही, दर हंगामाला नवी. पहिल्या पानावर 'श्री', त्याखाली साल. पुढे हाताने मारलेल्या रेघा: अनुक्रम, गिऱ्हाइकाचं नाव, गाव, डझन, भाडं, जमा, बाकी. आणि सगळ्यात उजवीकडे, पानाच्या कडेला चिकटून, शेरा. या शेऱ्याच्या घरात तात्यांचा खरा धंदा होता. 'हिरवाच द्यावा, स्वतः अढी घालतात.' 'मोठं फळ नको, डझनावर हिशोब करतात.' 'मुलगी बाळंतपणास येणार, १० तारखेनंतर.' एका नावापुढे नुसतंच 'बोलघेवडे' असं लिहिलेलं आहे. त्यातून काय समजायचं ते तात्यांनाच माहीत. पण त्या गृहस्थांची बाकी तीन हंगाम ओढलेली दिसते.

मी क्लास संपवून लॅपटॉपवर (मुलाचा जुना, बॅटरी दीड तास) एक्सेल उघडलं आणि ही वही त्यात उतरवायला घेतली. सात रकाने झाले. शेरा सोडून दिला. क्लासात शिकवलं होतं की तक्त्यात आटोपशीर माहिती असावी, आणि 'बोलघेवडे' काही बेरजेत बसत नव्हतं.

एक्सेलची पहिली खरी गोडी मला लागली ती गिऱ्हाइकांमुळे नव्हे, पट्टीमुळे. वाशीच्या घाऊक बाजारात माल गेला की दलालाकडून पट्टी येते: किती पेट्या, काय भाव लागला, गाडीभाडं, हमाली, तोलाई असं सगळं वजा जाऊन हाती काय. पट्ट्या आमच्याकडे तारेच्या आकड्याला लटकवलेल्या असत. भाव वाचला जायचा, खालची वजाबाकी कुणी वाचत नसे. दोन हंगामांच्या पट्ट्या मी एका पावसाळ्यात टाइप केल्या. तारीख, पेट्या, डझन, हाती आलेली रक्कम. शेवटच्या रकान्यात एकच भागाकार, डझनामागे हाती किती. मग तारखेप्रमाणे लावलं. एप्रिलच्या पंधरवड्यानंतर तो आकडा कसा उतरत जातो ते आम्हाला अंदाजाने ठाऊक होतं, पण समोर ओळीने मांडलेलं बघितल्यावर ह्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. खोकी, गवत आणि तोडणीची मजुरी धरली, तर मे महिन्यातल्या काही पेट्या आम्ही पदरचे पैसे घालून वाशीला पाठवत होतो. भागाकार चौथीतला. तो दीडशे ओळींना एका झटक्यात लावता आला, एवढीच कॉम्प्युटरची करामत.

त्यानंतर आलं २०२०. मार्चअखेरीला टाळेबंदी, झाडावर आंबा तयार आणि बाजाराचं काही खरं नाही. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमधून थेट मागण्या यायला लागल्या. एसटीनेही त्याच मे महिन्यात मालवाहतूक सुरू केली. तोवर आमची थेट गिऱ्हाइकं होती चाळीसेक, ती झाली दोनशेच्या वर. वही पुरेना. मी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घेतलं, फळांचे फोटो घातले, ब्रॉडकास्ट यादी केली आणि 'पहिली तोड सोमवारी' असा संदेश सगळ्यांना धाडला. उत्तरं आली मोजून तीस-पस्तीस. मला वाटलं भाव जास्त झाला. दोन दिवसांनी कळलं, की ज्यांनी आपला नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही, त्यांना ब्रॉडकास्ट पोचतच नाही. आणि एका यादीत बसतात २५६च माणसं. तेव्हापासून प्रत्येक पेटीत वरच्या गवतावर एक चिठ्ठी असते: आंबा पिकवायचा कसा ते चार ओळीत, आणि खाली ठळक, 'हा नंबर सेव्ह करा'. पिकवण्याच्या ओळी वाचायच्याच असतात, त्यामुळे खालची ओळही वाचली जाते.

पैशांचंही तसंच. यूपीआय आलं २०१६ साली, आमच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, क्यूआर कोड लागला चार वर्षांनी. मी आधी स्क्रीनशॉट आला की 'मिळाले, धन्यवाद' लिहायचे. एका स्क्रीनशॉटचे पैसे अजून यायचेत. तात्या म्हणाले, "फोटो कसले बघतंस? पासबुकात इले काय ता बघ." तेव्हापासून बँकेच्या ॲपमधला बारा आकडी व्यवहार क्रमांक मी एक्सेलमध्ये उतरवते. उतरवायला घेतला तर एक्सेलने त्याचं काहीतरी दशांशचिन्ह आणि 'ई'वालं चिटुकलं करून टाकलं. बारा आकडी संख्या दिसली की एक्सेलला ती शास्त्रज्ञांची वाटते. आधी त्या रकान्याला 'टेक्स्ट' म्हणून सांगावं लागतं, म्हणजे तो मुकाट्याने आहे तसं ठेवतो. ९१ लावलेल्या फोन नंबरांचंही हेच होतं. या दोन ओळींसाठी मी एक अख्खी दुपार घालवली आहे, तुम्ही घालवू नका.

आता मूळ गोष्ट.

२०२२. अक्षय्य तृतीया ३ मे, मंगळवारी होती. त्या वर्षी आमच्याकडे माल मुळातच कमी, त्यामुळे प्रत्येक पेटी दागिन्यासारखी. सणाला पोचायला हवी म्हणून आदल्या मंगळवारी सदतीस पेट्या एकदम निघायच्या होत्या. कुरियरवाल्याने सांगितलं होतं, की पेट्या पिनकोडप्रमाणे लावून ठेवल्यात तर चढवायला सोपं जाईल. तोवर मी वर्डमधलं मेल मर्ज शिकले होते. एक्सेलची यादी दिली की नाव, पत्ता, पिन, फोन असं एकेक लेबल आपोआप तयार होतं. स्वतःच्या हुशारीवर मी जाम खूश होते. म्हटलं, यादीच पिनप्रमाणे लावू, लेबलंही त्याच क्रमाने निघतील.

पिनचा रकाना निवडला. सॉर्ट दाबलं. एक चौकट उघडली. त्यात दोन पर्याय: 'एक्स्पांड द सिलेक्शन' आणि 'कंटिन्यू विथ द करंट सिलेक्शन'. ठिपका पहिल्यावर होता. मी विचार केला, एक्स्पांड म्हणजे मोठं करायचं. मला काही मोठं करायचं नाही, मला पुढे जायचंय. कंटिन्यू. ठिपका हलवला, ओके केलं. पिन झकास ओळीने लागले. फाइल सेव्ह केली, पेन ड्राइव्हवर घेतली, जामसंड्याला जाऊन स्टिकरच्या कागदावर छापून आणली. रात्री साडेनऊला गाडी भरली.

झालं असं होतं, की नावं, पत्ते, फोन सगळं जागच्या जागी बसून राहिलं आणि नुसता पिनचा रकाना वरखाली झाला. लेबलावर पत्ता नागपूरचा, पिन डोंबिवलीचा. पत्ता कोथरूडचा, पिन नाशिकचा. छापलेलं लेबल इतकं सुबक दिसत होतं, की चिकटवताना आम्ही तिघांपैकी कुणी ते वाचलंच नाही. हाताने लिहिलं असतं तर लिहिता लिहिता वाचलं गेलं असतं.

बुधवारी संध्याकाळी फोन आला. "मॅडम, धर्मपेठ डोंबिवलीत कुठे आलं?" माणूस बिचारा खरंच विचारत होता. मी लॅपटॉप उघडला, आणि दोन ओळी वाचल्यावर पोटात गोळा आला. कंट्रोल-झेड दाबलं. काही नाही. फाइल बंद करून परत उघडली की मागचं काही मागे घेता येत नाही, हे त्या दिवशी कळलं. अनुक्रमांकाचा रकाना होता, मग त्या क्रमाने पिन परत लावता आले असते का? तेही नाही, कारण पिन एकटाच हलला होता. मी तात्यांची वही मागितली. तात्या तेव्हाही आपली वही लिहीतच होते. त्यात होतं, 'डोंबिवली पूर्व', 'कोथरूड'. पिन एकाही ओळीत नाही. त्यांच्या काळात पेटी एसटीच्या पार्सलने डेपोत जायची आणि गिऱ्हाईक येऊन घेऊन जायचं. पिन लागायचाच कुठे?

तात्यांनी लेबल हातात घेतलं, लांब धरून वाचलं आणि विचारलं, "आंबे नागपूराक धाडलंस काय डोंबिवलीक?"

"दोन्हीकडे," मी म्हटलं.

रात्रभर बसून सदतीस पत्त्यांचे पिन एकेक करून शोधले. आठ बरोबर निघाले, कारण एकाच भागातली बरीच गिऱ्हाइकं होती आणि चुकून त्यांच्या वाट्याला त्यांचाच पिन आला. एकोणतीस चुकलेले. सकाळपासून सगळ्यांना आणि कुरियरवाल्याला फोन. अठरा पेट्या वाटेत वळवता आल्या. अकरा पेट्या फिरत राहिल्या आणि पोचल्या तेव्हा उघडण्यासारख्या नव्हत्या. पेटीला चौदाशेप्रमाणे पंधरा हजार चारशे परत केले, वर भाडं गेलं ते वेगळं. गिऱ्हाइकं एक सोडून सगळी टिकली. जे गेले ते तात्यांचे 'बोलघेवडे'. त्यांची पेटी मात्र वेळेवर पोचली होती!

या प्रकरणानंतर मी पिनकोडच्या मागेच लागले. श्रीराम भिकाजी वेलणकर म्हणून डाक-तार खात्यात मोठे अधिकारी होते, संस्कृत कवीही होते. त्यांच्या डोक्यातून ही सहा आकड्यांची पद्धत निघाली आणि १५ ऑगस्ट १९७२ला लागू झाली. पहिला आकडा विभागाचा, आपला ४. दुसरा उपविभागाचा, तिसऱ्याला टपाल छाटणीचा जिल्हा ठरतो, आणि शेवटचे तीन आकडे थेट टपाल कार्यालयाचे. म्हणजे पहिले तीन वाचले की टपालाच्या लेखी पेटी कुठल्या बाजूला जाणार ते कळतं. ४०० मुंबई, ४११ पुणे, ४२१ डोंबिवली-कल्याण, ४२२ नाशिक, ४४० नागपूर. रत्नागिरीवाले ४१५, साताऱ्याच्या पंगतीला. आम्ही ४१६, कोल्हापूर-सांगलीबरोबर. घाट मध्ये असला तरी टपालाला त्याचं काही नाही.

हे कळल्यावर मला वाटलं, की हेच एक्सेलला सांगता आलं तर? दुसऱ्या पानावर छोटी यादी केली: एका रकान्यात तीन आकडे, शेजारी शहर. मग मुख्य यादीत पिनशेजारी सूत्र लिहिलं. 'लेफ्ट' वापरून पिनचे पहिले तीन आकडे काढायचे, 'व्हीलुकअप'ने ते छोट्या यादीत शोधायचे आणि सापडलेलं शहर समोर लिहायचं. ते शहर पत्त्यातल्या शहराशी जुळलं नाही, तर तो चौकोन लाल. कागदावर सोपं. प्रत्यक्षात सगळ्या ओळींत एकच उत्तर, 'एन/ए', म्हणजे सापडलं नाही. ४४० समोर दिसतोय, यादीतही ४४० आहे, आणि हा म्हणतोय सापडलं नाही. दोन संध्याकाळी मी त्याच्याशी भांडले. शेवटी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळावर जाऊन (घरात रेंज खळ्याच्या एकाच कोपऱ्यात येते, आणि त्या दिवशी तिथेही नव्हती) मुलाला पुण्याला फोन लावला. तो हसला. म्हणाला, "आई, लेफ्टने काढलेलं ४४० हे अक्षर आहे. तुझ्या यादीतलं ४४० हा आकडा आहे. त्याच्या लेखी दोन वेगळी माणसं." घरी येऊन लेफ्टच्या बाहेर 'व्हॅल्यू' असा एक शब्द घातला आणि सगळी शहरं धडाधड उमटली. खळ्यात एकटी उभी राहून मी टाळी वाजवली. सासूबाई आतून म्हणाल्या, "काय गो, साप इलो काय?"

क्लासात हे शिकवलं नव्हतं असं नाही. व्हीलुकअप होता पुस्तकात. विद्यार्थ्यांचे गुण आणि हजेरी क्रमांकाचं उदाहरण होतं. तेव्हा तो माझ्या डोक्यावरून गेला, कारण त्या विद्यार्थ्यांच्या गुणांशी मला देणंघेणं नव्हतं. अकरा कुजक्या पेट्यांशी होतं.

इतर गोष्टी थोडक्यात, कारण त्या खरोखर थोडक्यात होतात. मे अखेरीचा डागी आंबा आम्ही आता पोळी आणि मावा करून विकतो. त्यासाठी अन्नसुरक्षेची नोंदणी मी घरूनच ऑनलाइन केली. तो नंबर चौदा आकडी असतो आणि तोही एक्सेलमध्ये टेक्स्ट म्हणूनच ठेवायचा, नाहीतर पुन्हा शास्त्रज्ञ. छोट्या उद्योगांची सरकारी 'उद्यम' नोंदणी असते, तिला एक पैसा लागत नाही. आमच्या वाडीतल्या एकीने सरकारीसारख्या दिसणाऱ्या कुठल्याशा साइटवर दोन हजार भरले. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का, एवढं बघितलं असतं तर वाचले असते. आणि जीएसटीला घाबरून आंबा विकायचं थांबवू नका, ताज्या आंब्यावर तो नाही. प्रक्रिया केलेल्या मालाचं गणित वेगळं. ते मी सीएला पैसे देऊन करून घेते आणि त्यात मला काडीचीही लाज वाटत नाही.

गेल्या हंगामात मी यादीत आणखी एक रकाना घातला: शेरा. तात्या आता चौऱ्याऐंशीचे, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर लिहिणं बंद झालंय. संध्याकाळी पडवीत बसून मी एकेक नाव वाचते, ते सांगतात, मी टाइप करते. त्यांचा वेग माझ्या बोटांना झेपत नाही. एका नावाला ते बराच वेळ काही बोलले नाहीत, म्हणून मी पुढचं वाचलं, तर हाताने थांबवलं. "थांब. हेंका डझनाक तेरा दी. कित्याक ता लिव नको."

मी 'तेरा' एवढंच लिहिलं.

तर मसालेवालीला निरोप धाडलाय, की क्लास लाव, पण त्याआधी रविवारी दुपारी तीनला आमच्या पडवीत ये. बाकीच्या दोघी-तिघीही येणार आहेत. प्रत्येकीने येताना आपली हिशोबाची वही आणायची, मग ती कॅलेंडरच्या मागे लिहिलेली असली तरी चालेल. माझ्या लॅपटॉपची बॅटरी दीड तासाची, आणि रविवारी दुपारी आमच्याकडे लाईट जातेच, तेव्हा उशीर करू नका. आगळवालीने फी विचारली. दोन बाटल्या म्हटलंय.